पॅटर्न कोणाचा?

(कोल्हापुरात फौंड्री, म्हणजे ओतकामाचे कारखाने, आणि मशीन शॉप चालवणाऱ्या उद्योजकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. विषय सॉफ्टवेअर खरेदीचा आहे, पण सुरुवात पॅटर्नपासून करतो. तुमच्या फौंड्रीत गिऱ्हाइकाचा पॅटर्न, म्हणजे ज्यावरून वाळूत मोल्ड किंवा साचा काढायचा तो नमुना, पडून असतो. ठेवायला जागा तुमची, डागडुजी तुम्ही करता, वर्षानुवर्षं त्यावर मोल्ड तुमचीच माणसं काढतात. पण पॅटर्न कोणाचा? (सभागृहातून आवाज : "गिऱ्हाइकाचा!") बरोबर. त्यावर त्याचं नाव कोरलेलं असतं, तुमच्या रजिस्टरला नोंद असते. उद्या तुमचं बिनसलं तर तो टेम्पो पाठवतो आणि पॅटर्न उचलून नेतो. तुम्ही फार तर थकलेलं बिल आधी मागाल.

आता तुमच्या कारखान्याचा गेल्या पाच-सहा वर्षांचा साठा, चलनं, हीटच्या (भट्टीतल्या प्रत्येक वितळणीच्या) नोंदी, रिजेक्शन हे सगळं ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो पॅटर्न कोणाचा? टेम्पो पाठवला तर मिळेल?

मला मिळाला नव्हता. माझ्या मशीन शॉपसाठी मी एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. सहा वर्षं चांगलं चाललं. मग त्या मंडळींनी एएमसी, म्हणजे वर्षाची देखभाल फी, एकदम दुप्पट केली, मी नको म्हटलं, आणि माझा डेटा मागितला. त्यांनी काय द्यावं? रिपोर्टच्या पीडीएफ. चार हजार पानं. म्हणजे मी पॅटर्न मागितला आणि त्यांनी पॅटर्नचे फोटो पाठवले. दोन पोरं बसवून तीन महिने ते पुन्हा टाइप करून घेतलं. त्यात त्यांची लबाडी किती आणि माझा गाढवपणा किती, हा हिशोब मी बरेच दिवस करत होतो. पर्चेस ऑर्डरवर डेटाबद्दल एक ओळ नव्हती, आणि ती ऑर्डर मीच काढली होती.

गंमत अशी की पुरवठादाराला पारखायचं कसं हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आपण जन्मभर पुरवठादारच आहोत. मोठ्या गाड्यांच्या कंपनीचा ऑडिटर येतो तेव्हा तो भट्टी बघतो, वाळूची लॅब बघतो, स्पेक्ट्रोमीटरचं कॅलिब्रेशन बघतो. भट्टी बंद पडली तर माल कुठून देणार, हे विचारतो. मग सॅम्पल मागतो, ते कापून बघतो, मापं घेतो आणि मगच ऑर्डर. तेच आपण संगणकावर चालणारं सीएनसी मशीन घेताना आपला जॉब त्यावर चालवून सायकल टाइम मोजतो. आणि सॉफ्टवेअरची गोष्ट आली की चाळीस मिनिटांचा डेमो, चहा-बिस्किटं आणि "ठीक आहे, करून टाका."

डेमोत सगळंच छान चालतं, कारण जॉब त्यांचा असतो. कुठल्या तरी ट्रेडर्सला दहा खुर्च्या विकलेल्या असतात, बिल निघतं, साठा दहाने कमी होतो. आपला धंदा खुर्च्यांचा नाही. म्हणून डेमोला आपला जॉब द्या, चार दिवस आधी, कागदावर लिहून. मी दोन जॉब देतो.

पहिला भट्टीचा. एका हीटला पिग आयर्न, स्टील स्क्रॅप, फेरो-सिलिकॉन आणि आपलंच रनर-रायझर, म्हणजे आधीच्या ओतकामातून कापून काढलेलं जास्तीचं लोखंड, टाकलं. त्या एका हीटमधून सहा वेगवेगळ्या आयटमचे मोल्ड ओतले. फेटलिंगनंतर, म्हणजे कास्टिंग (ओतलेले भाग) साफ करून झाल्यावर, रनर-रायझर पुन्हा भट्टीकडे आलं. आता मला सॉफ्टवेअरमध्ये दाखवा : त्या हीटचा धातू कोणत्या आयटममध्ये किती गेला, परत किती आला, आणि जळून किती गेला. बहुतेक तयार सॉफ्टवेअरचं गणित एका दिशेचं असतं, कच्चा माल आत आणि पक्का माल बाहेर. आपलं गणित गोल फिरतं. परत आलेलं लोखंड ते भंगार म्हणून लिहितात आणि मग महिनाअखेरीला तुमच्या कास्टिंगचा किलोमागचा खर्च असा येतो की धंदा बंदच करावासा वाटतो.

दुसरा जॉबवर्कचा, म्हणजे आपला माल दुसऱ्याकडून मशीनिंग करून घ्यायचा. शंभर कास्टिंग मशीनिंगला पाठवली. ब्याण्णव ओके आली. पाचांत बोअर केल्यावर ब्लो-होल (ओतताना अडकलेल्या वायूची भोकं) निघाले, तिघांत ऑपरेटरने माप घालवलं. पहिली पाच फौंड्रीच्या नावावर, तीन मशीनवाल्याच्या. पाचांच्या मशीनिंगचे पैसे कोणी द्यायचे, यावर इथल्या निम्म्या लोकांची एकमेकांशी भांडणं झालेली आहेत, नावं घेत नाही. (हशा) आठही नग चलनावर परत दिसले पाहिजेत, आणि आठ दोन कारणांत विभागलेले दिसले पाहिजेत. शिवाय जॉबवर्कला पाठवलेला माल जीएसटी कायद्याप्रमाणे वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर पाठवला त्या दिवशीच विकला असं धरतात. तेव्हा अकरा महिने झालेली चलनं एका बटणावर दिसतात का, तेही विचारा.

इथे विक्रीवाला म्हणेल, "साहेब, तेवढं कस्टमायझेशन करून देऊ." हे वाक्य वहीत तारीख घालून लिहा. जर्मनीतल्या लिडल या किराणा साखळीने सात वर्षं आणि जवळपास ५० कोटी युरो घालून सॅप या सॉफ्टवेअरचं काम चालवलं आणि २०१८ साली सोडून दिलं. एक कारण असं सांगितलं गेलं की ते साठ्याची किंमत खरेदीच्या भावाने धरत आणि तयार सॉफ्टवेअर विक्रीच्या भावाने. त्यांनी सवय बदलली नाही, सॉफ्टवेअर वाकवत राहिले. मग आपण काय करायचं? रनर-रायझर भट्टीत परत जाणं हा आपल्या धंद्याचा निसर्ग आहे, त्यासाठी सॉफ्टवेअरच बदलायला लावा. पण चलनावर शेठजींची सही तीन ठिकाणी लागते ही खोड आहे. तिच्यासाठी पैसे देऊन प्रोग्राम लिहून घेऊ नका.

कायद्याचं पटकन सांगतो, कारण ते तुमचा सीए सांगेलच. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल. विक्रीवाला हे वैशिष्ट्य म्हणून सांगत असेल तर हसा. गाडीला ब्रेक आहेत हे काही वैशिष्ट्य नव्हे.

आता चौकशी. विक्रीवाला जी पाच नावं देतो ती त्याची लाडकी असतात. तिथे जायचंच असेल तर त्याला बरोबर घेऊ नका, आणि मालकाशी बोलू नका. मालक चुकलेली खरेदी कबूल करत नाही. मी स्वतः दोन वर्षं सगळ्यांना "मस्त आहे" म्हणून सांगत होतो. स्टोअरकीपरजवळ जाऊन बसा. टेबलाच्या खणात लाल कापडी बाइंडिंगची वही असेल आणि तो खरा साठा त्यातून सांगत असेल, तर तुम्हाला उत्तर मिळालं. आणि विक्रीवाल्याला एकच प्रश्न विचारा : तुम्हाला सोडून गेलेलं शेवटचं गिऱ्हाईक कोण, आणि त्याला डेटा कसा दिला? "आम्हाला कोणी सोडतच नाही" असं उत्तर आलं तर दोनच शक्यता. धंदा नवा आहे, किंवा सोडता येत नाही.

क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्याच्या सर्व्हरवर, सगळं ठेवावं का, हे नेहमी विचारतात. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण पाहिलाय. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस कारखान्यापर्यंत पोचता येत नव्हतं. ज्यांचा सर्व्हर ऑफिसच्या खालच्या मजल्यावर होता त्यांना क्लाउडचं महत्त्व मी सांगायला नको. पण दुसरी बाजू ऐका. २०२५ च्या जुलैत युरोपियन युनियनने गुजरातमधल्या वाडिनारच्या रिफायनरीवर, म्हणजे नायरा एनर्जीवर, निर्बंध घातले, कारण तिच्यात रशियन कंपनीचा हिस्सा आहे. मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली. पैसे भरलेले, लायसन्स चालू, कंपनी भारतातली, आणि ईमेल उघडेना. त्यांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, मग काही दिवसांनी सेवा सुरू झाली. त्यांच्याकडे वकिलांची फौज असणार. आपल्याकडे एक अकाउंटंट आणि त्याचा मेहुणा. तेव्हा क्लाउडवर जा, पण दर महिन्याला पूर्ण प्रत आपल्या कपाटातल्या डिस्कवर आली पाहिजे. आणि ती सहा महिन्यांतून एकदा उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न तपासलेलं कास्टिंग.

सुरू कधी करायचं? सगळे १ एप्रिल म्हणतात, कारण ओपनिंग बॅलन्स सोयीचा पडतो. पण १ एप्रिलला सुरू करायचं तर तयारी मार्चमध्ये करावी लागते, आणि मार्चमध्ये आपल्याकडे डिस्पॅचसाठी माणसं पुरत नाहीत. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ साली हॅलोविन, म्हणजे मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटण्याच्या सणाच्या तोंडावर, नवी संगणक व्यवस्था सुरू केली. चॉकलेट गोदामात पडून होतं आणि जवळपास १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पोचवता आल्या नाहीत. आपलं हॅलोविन म्हणजे मार्च एंड. स्टोअर आणि डिस्पॅच एखाद्या मंदीच्या महिन्यात सुरू करा, दोन महिने जुनी वही शेजारी चालू ठेवा. अकाउंट्स मग एप्रिलला जोडा.

आणि पर्चेस ऑर्डर. तिथे पॅटर्नची भाषा वापरा. डेटा आमचा. मागितल्यापासून पंधरा दिवसांत एक्सेलला उघडेल अशा फायलींत आणि मूळ डेटाबेसच्या प्रतीसह द्यायचा. त्याची फी आजच ठरवायची. सोडल्यावर तीन महिने जुनं बघायला चालू ठेवायचं. शेवटचा वीस टक्के हप्ता हातात ठेवा, आणि तो देण्याआधी एकदा सगळा डेटा बाहेर काढून तिसऱ्याच माणसाकडून उघडून घ्या. हीटचा नंबर एका फायलीत, आयटम दुसरीत आणि दोन्ही जोडायला धागाच नाही असं निघालं, तर ते फोटोच आहेत. हप्ता थांबवा.

(एका श्रोत्याचा प्रश्न : "आमचं सॉफ्टवेअर गावातल्याच एका मुलानं लिहिलंय. फौंड्री त्याला कळते, हाकेला येतो. पण तो एकटाच आहे. ठेवावं का?")

ठेवा. ज्याला फौंड्री कळते असा प्रोग्रामर मोठ्या कंपनीत तुम्हाला मिळणार नाही, मिळाला तरी वर्षभरात त्याची बदली होईल. पण तो मोटारसायकलवरून फिरतो ना? उद्या त्याला काही झालं तर? मग त्याला बोलवा, त्याला नीट पैसे द्या आणि सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर), सर्व्हरचे पासवर्ड, डोमेन कोणाच्या नावावर आहे हे सगळं एका पाकिटात आणि पेन ड्राइव्हवर घ्या. आत दोघांनी सही केलेला कागद ठेवा, की तो काम करू शकत नसेल तरच हे उघडायचं. ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. दर दिवाळीला नवं पाकीट. आधी पोरगं बिचकेल. त्याला तुमच्या पॅटर्न स्टोअरमध्ये न्या आणि मांडणीवरची कोरलेली नावं वाचायला सांगा.