उरलेलं काम आपलं : स्वस्त पार्टमधून चेनसॉ पुन्हा उभा करताना

नमस्कार. टेबलावर लाकूड कापायच्या चेनसॉचे दोन पिस्टन ठेवलेत, ते आधी हातोहात फिरू द्या. नुसते बघू नका, बोटाने चाचपा. दोन्ही एकाच मापाचे आणि दोन्ही वाया गेलेले, पण कारणं वेगळी. एकावर सगळ्या बाजूंनी सारखे ओरखडे आहेत. दुसऱ्यावर फक्त एकाच अंगाला आहेत, सायलेन्सरच्या बाजूला. पहिल्याची गोष्ट लगेच संपते : त्याच्या पेट्रोलमध्ये ऑइल घातलेलंच नव्हतं. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर येईल तेवढंच वंगण. पन्नासास एक हे प्रमाण धरलं तर लिटरला २० मिली. तेवढं चुकलं की पिस्टन बघता बघता सिलिंडरला धरतो, म्हणजे आत घट्ट अडकतो. एका अंगाला ओरखडे असलेला पिस्टन मात्र माझ्या हातून गेलाय. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

चेनसॉ भंगारात कसा जातो, ते बघा. क्रँक शाबूत असतो, मॅग्नेशियमचं क्रँककेस शाबूत असतं, टाकी, हँडल, क्लच सगळं ठीक असतं. गेलेला असतो तो पिस्टन आणि सिलिंडर. कंपनीचा ओरिजिनल सेट आणि मजुरी यांची बेरीज मशीनच्या किमतीच्या जवळ जाते, आणि मालक म्हणतो, राहू दे. एका भागापायी अख्खं यंत्र फेकलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बाहेरच्या, म्हणजे मूळ कंपनीने न बनवलेल्या पार्टमुळे ही मशीन वाचतात. स्टिलच्या एमएस ६६० सारख्या खपाच्या मॉडेलचा तर आज प्रत्येक भाग बाहेर मिळतो. फार्मरटेक ‘होल्झफोर्मा’ या नावाने त्या घडणीचे सॉ विकते, आणि पेटीतले सुटे भाग जोडून शून्यापासून मशीन उभं करणारे हौशी लोक भरपूर आहेत.

बाहेरचा पार्ट म्हणजे सगळा एकाच लायकीचा, असं मात्र नाही. इटलीतल्या मेटिओरचा पिस्टन किंवा काबरच्या रिंगा जाणकार डोळे झाकून घालतात. दुसऱ्या टोकाला बिननावाच्या पिशवीतला सेट. मी आज बोलणार आहे तो या पिशवीबद्दल.

हा सेट स्वस्त का असतो? माझ्या अनुभवात धातू सहसा बरा असतो, ओतकामही चालण्याजोगं असतं. वाचवलेले असतात ते शेवटचे तास : कडा साफ करणं, माप घेणं, तपासणं, वाईट नग बाजूला काढणं. ते काम झालेलं नसतं, म्हणून ते आपल्याला करावं लागतं. ते करायची तयारी असेल तर पिशवीतला सिलिंडर वर्षानुवर्षं चालतो. तयारी नसेल तर घेऊ नका, हे मी स्पष्टच सांगतो.

त्याआधी एक काम. जुना सिलिंडर टाकून देण्याची घाई करू नका. चांगल्या सॉच्या सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण मुलामा असतो. पिस्टन धरतो तेव्हा बहुतेक वेळा त्या मुलाम्यावर पिस्टनचं ॲल्युमिनियम फासलं जातं, आणि ते ओरखड्यांसारखं दिसतं. कापसाच्या काडीवर हायड्रोक्लोरिक ॲसिड घेऊन फक्त त्या डागावर लावलं की फेस येतो, ॲल्युमिनियम विरघळतं, मुलामा तसाच राहतो. फेस थांबला की भरपूर पाण्याने धुवा, बारीक पॉलिश पेपरने हलका हात मारा आणि नख फिरवा. नख कुठे अडलं नाही तर सिलिंडर जिवंत आहे. हे काम उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालूनच करायचं. ॲसिडचा थेंब पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, उघड्या ॲल्युमिनियमवर गेला तर तो तेही खातो, म्हणून ओतायचं कधीच नाही. ओरिजिनल सिलिंडर आणि बाहेरचा चांगला पिस्टन, ही माझ्या मते सगळ्यांत उत्तम जोडी.

सिलिंडर खरंच गेला असेल तर मग पिशवी उघडू. हा नवा सिलिंडर बघा. बोट आत घालून एक्झॉस्टच्या खिडकीची कड जाणवते का? धारदार आहे. मुलामा चढवल्यावर कड मारलेली नाही. सॉ पूर्ण रेसवर मिनिटाला १३ हजारांच्या आसपास फिरतो, म्हणजे पिस्टनवरची रिंग या कडेवरून सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा खाली जाते आणि तितक्याच वेळा वर येते. दर वेळी रिंग खिडकीत किंचित फुगते आणि कडेला घासून परत आत येते. कड धारदार असेल तर एक दिवस रिंग अडकते, नाहीतर मुलाम्याचा टवका उडतो. आणि तो टवका पिस्टनपेक्षा कठीण असतो. साधी कानस मुलाम्यावरून नुसती घसरते, म्हणून डायमंडचा बारीक बर, म्हणजे घासायचं फिरतं टोक, घ्यायचा. कडेची धार मोडेल एवढंच घासायचं, वरच्या आणि खालच्या कडेला जरा जास्त. एका सिलिंडरला मला सहज एक संध्याकाळ लागते. नंतर गरम पाणी आणि साबणाने धुवायचं, पांढऱ्या फडक्याला काळं लागेनासं होईपर्यंत, आणि लगेच तेलाचा हात द्यायचा.

रिंग पिस्टनवर चढवण्याआधी एकटीच सिलिंडरमध्ये घाला, पिस्टनने ढकलून सरळ करा आणि टोकांमधली फट फीलर गेजने, म्हणजे ठराविक जाडीच्या पात्यांनी, मोजा. ढोबळ हिशेब असा : दर २५ मिमी बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाला, ०.१ मिमी. एमएस ६६० चा बोअर ५४ मिमी, म्हणजे साधारण ०.२ मिमी. टोकं एकमेकांना टेकत असतील तर गरम झाल्यावर रिंग मोडणार.

मग पिस्टनचा माथा आणि हेड यांमधली फट. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत घालायची, टोक सिलिंडरच्या भिंतीला टेकेपर्यंत, आणि गजन पिनच्या, म्हणजे पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या, रेषेत. आडव्या बाजूला घातली तर पिस्टन कलतो आणि माप खोटं येतं. क्रँक हाताने फिरवला की तार चेपते, ती चेपलेली जागा मोजायची. ०.५ मिमीच्या जवळ हवी. स्वस्त सेटमध्ये मला एक मिमी आणि त्याहून जास्तही मिळालेली आहे. असं मशीन सुरू होतं, पण जोर लावत नाही, आणि लोक दोष कार्ब्युरेटरला देतात. सिलिंडरच्या बुडाखालचं बेस गॅस्केट काढून नुसता सीलंट लावला तर फट कमी होते. पण त्याने पोर्ट उघडण्या-मिटण्याची वेळही सरकते, हे लक्षात ठेवून करा, आणि परत मोजल्याशिवाय दोरी ओढू नका.

गजन पिनच्या सर्क्लिप, म्हणजे ती पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या क्लिपा. सेटबरोबर आलेल्या मी वापरत नाही, कधीच नाही. मऊ तारेची क्लिप सुटली तर ती पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही घेऊन जाते. क्लिप कंपनीची घ्या. चेन ब्रेकचा पट्टा आणि हँडलही कंपनीचंच. मशीन उसळून तोंडाकडे येतं तेव्हा तो पट्टा चालला पाहिजे, तिथे प्रयोग करण्याचा हक्क आपल्याला नाही. बेअरिंग ज्ञात कंपनीच्या घ्या. कार्ब्युरेटरचं म्हणाल तर जुनी वालब्रो किंवा झामाची बॉडी साफ करून नवे पडदे घातलेलं मला नव्या नकलेपेक्षा केव्हाही पसंत. उलट कव्हर, स्टार्टरची पुली, फिल्टर, टाकीची झाकणं इथे स्वस्त माल बिनधास्त घ्या.

आता माझा पिस्टन. सॉ माझ्याकडे धरलेल्या अवस्थेत आला होता. मी नवा सिलिंडर साफ केला, मापं घेतली, सगळं नीट बसवलं. दुसऱ्या टाकीत, ओंडका कापून झाल्यावर मी ट्रिगर सोडला, पण मशीन खाली यायलाच तयार नाही. रेस आपोआप वर चढत गेली, आवाज बारीक आणि कोरडा होत गेला. मी स्विचकडे बोट नेईपर्यंत ते थांबलं होतं. उघडलं तर सायलेन्सरच्या अंगाला ओरखडे, जुन्या पिस्टनवर जिथे होते अगदी तिथेच. जुना पिस्टन बाकड्यावर पडलेला होता. त्याने मला कारण सांगितलं होतं आणि मी ते वाचलं नव्हतं. क्रँकच्या शाफ्टभोवतीचं, मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील कडक होऊन गेलेलं होतं. तिथून हवा आत जायची, मिश्रण पातळ व्हायचं, पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि उष्णता जास्त. पहिलं इंजिन ज्याने मारलं त्यानेच दुसरंही मारलं.

तेव्हापासून एकही मशीन मी हवेची चाचणी केल्याशिवाय सुरू केलेलं नाही. सायलेन्सरखाली रबराचा तुकडा दाबून एक्झॉस्ट बंद करायचा, इनटेक बंद करायचा आणि हातपंपाने आत सुमारे ०.५ बार दाब द्यायचा. काटा खाली येत असेल तर सगळीकडे साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतात. पण इथे थांबू नका. सीलचा ओठ आतल्या दाबाने शाफ्टवर आवळला जातो, त्यामुळे कडक झालेलं सीलसुद्धा या परीक्षेत पास होतं. पंप उलटा लावून तेवढीच पोकळी तयार करा आणि क्रँक हळूहळू फिरवत काट्याकडे बघा. माझं ते सील दाबाखाली पास झालं असतं. पोकळीने ते पाच सेकंदांत पकडलं असतं.

क्लच काढताना आटे उलटे असतात, एवढं ध्यानात ठेवा. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून दोरी घाला, लोखंडी काही नको.

आता हा सॉ. चाचणी झालेली आहे, ताजं मिश्रण घातलंय, कार्ब्युरेटरचे एल आणि एच हे दोन्ही स्क्रू (एल कमी रेसचं पेट्रोल ठरवतो, एच पूर्ण रेसचं) एकेक फेरा उघडे आहेत. आपण बाहेर जाऊ. कानावर मफ चढवा, पण आवाज नीट ऐका. पूर्ण रेसवर, लाकडाला न लावता, तो किंचित अडखळत भरभर वाजला पाहिजे, आणि ओंडक्यात दाबला की तो आवाज साफ झाला पाहिजे. मोकळ्यावरच गुळगुळीत किंचाळला तर मी लगेच एच उघडणार. काही कॉइल रेसची मर्यादा गाठल्यावर स्पार्क तोडतात, तेव्हाही असाच अडखळता आवाज येतो आणि फसायला होतं. ह्याच्या कॉइलला मर्यादा नाही, म्हणून शिकायला हा बरा. चला, चेनच्या पट्टीच्या रेषेत कोणी उभं राहू नका.