एकच उधारी, दोन पावत्या

(अमळनेर. कृषी केंद्राचा काउंटर, सकाळ.)

जूनचा पहिला पाऊस पडून गेलाय. कपाशीच्या बियाण्यासाठी काउंटरवर रेटारेटी आहे आणि दुकानदार आप्पा मोबाइलवर बिलं करतायत. गावाची उधारीही त्याच अॅपमध्ये. हे अॅप त्यांनी पैसे भरून घेतलं, तेही खुशीनं. दोन हंगामांनी दुकानात कॉम्प्युटर आला. त्याच नावाचं अॅप त्यावर टाकलं, तर पुन्हा पैसे मागितले.

आप्पा म्हणतात, “दुकान एकच शे, मी एकच शे. मंग दोनदा पैसा कसाना?”

(काउंटरखालची लाल वही.)

कापडी पुठ्ठा, झिजलेले कोपरे, मधल्या पानावर चहाचा गोल डाग. ही वही दुकानात उघडली काय आणि घरी ओट्यावर उघडली काय, पैसे एकदाच दिले होते.

पण मोबाइलसाठी लिहिलेला प्रोग्राम कॉम्प्युटरवर जसाच्या तसा चालत नाही. अँड्रॉइड वेगळं, विंडोज वेगळं. स्क्रीन मोठी, बोटाच्या जागी माउस. मांडणी नव्यानं, तपासणी नव्यानं, पुढे दरवर्षी दुरुस्ती. १९४५ साली याच अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्यातून विप्रो सुरू झाली. सॉफ्टवेअरला मेहनत लागते, हे इथे कुणाला पटवावं लागत नाही.

२०१० साली आयपॅड आला, तेव्हा फोनचं एक आणि आयपॅडचं वेगळं, अशी कितीतरी अॅप विकली गेली. मार्च २०२० पासून आयफोन, आयपॅड आणि मॅक मिळून एकच खरेदी ठेवण्याची सोय अॅपलनं केली. ती द्यायची की नाही, हे मात्र अॅप बनवणाऱ्याच्या हातात. गूगल प्लेवर घेतलेलं अॅप नव्या अँड्रॉइड फोनवर त्याच खात्यानं पुन्हा पैसे न देता मिळतं. आयफोन घेतला, की ती खरेदी मागेच राहते.

आप्पांचा राग मला रास्त वाटतो. रक्कम त्यांना जड नव्हती. ते विकतात त्या बियाण्याच्या पाकिटावर वाण, वजन, मुदत, सगळं छापलेलं असतं. शेतकरी वाचून घेतो. अॅपचे पैसे भरताना ‘फक्त मोबाइलसाठी’ हे दोन शब्द ठळक दिसले असते, तर आप्पांनी तेव्हाच विचार केला असता.

(संध्याकाळ. शटर अर्ध्यावर.)

आप्पांनी दुसऱ्यांदा पैसे भरले नाहीत. मुलगी मोबाइलवरून नाव आणि बाकी वाचते, आप्पा एका बोटानं एक्सेलमध्ये टाइप करतात. आज ‘प’पर्यंत आले.