खळ नीट बसली तरच पांढरं पांढरं राहतं

(दृश्य: शहापूर, बेळगाव. मागावर चढलेला ताणा.)

खळ म्हणजे काय, हे शहापूर-वडगावच्या विणकराला सांगावं लागत नाही. खळ, म्हणजे सुताला चढवायची पेज, न दिलेलं सूत मागावर फुलतं आणि तुटतं. गम प्रिंटच्या, म्हणजे डिंक आणि रंगाने उन्हात छापलेल्या फोटोच्या, कागदालाही खळ लागते, ती सरसाची, म्हणजे जिलेटिनची.

डिंकाच्या पाण्यात जलरंग आणि पोटॅशियम डायक्रोमेट मिसळून कागदावर लावायचं, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं. ऊन लागलेला डिंक घट्ट होतो, उरलेला पाण्यात सुटतो. पण कागद तहानलेला असेल तर रंग आधीच तंतूंत मुरतो. मग चित्रातलं आभाळ मळकं होतं, ते कितीही धुतलं तरी उजळत नाही.

कागद सुती घ्यावा, चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा. आधी ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवून वाळवावा. ही पायरी गाळली तर पहिल्यावर दुसरा रंग छापायच्या वेळी कागद आकसतो आणि रेषेवर रेष बसत नाही.

आता खळ. १ लिटर गार पाण्यात ३० ग्रॅम जिलेटिन २० मिनिटं फुगू द्यायचं. मग पातेलं दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून ५० ते ५५ अंशांवर विरघळवायचं. उकळी आणू नये, पकड जाते.

(दृश्य: ट्रेच्या काठावरून निथळणारा कागद, अगदी जवळून.)

कागद मिनिटभर बुडवून ट्रेच्या काठावरून सावकाश ओढायचा. बुडबुडा राहिला तर तिथे गोल डाग उठतो. टांगल्यावर जिलेटिन खालच्या कडेला साचतं, म्हणून दुसरा हात दिल्यावर कागद उलटा टांगावा.

वाळल्यावर जिलेटिन पक्कं करायचं. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, १ लिटर पाण्यात जिलेटिन पक्कं करणारं रसायन, म्हणजे ४० टक्क्यांचं २५ मिलिलिटर ग्लायऑक्झल, घालून कागद ५ मिनिटं बुडवायचा, मग गार पाण्याने भरपूर धुवायचा. धुण्यात कसर राहिली की कागद पुढे पिवळा पडतो. पक्कं न करता पुढे गेलं तर उन्हाळ्यातल्या नळाच्या कोमट पाण्यातसुद्धा खळ मऊ पडते आणि चित्र सोबत घेऊन जाते.

पारख सोपी. पाण्याचा एक थेंब ठेवा. लगेच मुरला तर आणखी एक हात हवा. उलट कागद काचेसारखा चमकत असेल तर खळ जास्त झाली; डिंकाला धरायला काही उरत नाही, पापुद्रे सुटतात.

(दृश्य: खानापूरचा पाऊस.)

या हवेत खळीचं काम काढूच नये. कागद वाळत नाही, ओल्या जिलेटिनला वास सुटतो, बुरशी धरते. माघ-फाल्गुनाच्या कोरड्या दिवसांतच वर्षाचे कागद करून ठेवावेत. गठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहावं: जिलेटिन किती, हात किती, कोणत्या तारखेला पक्कं केलं.