पहिले पान कोणाला दिसले?

मार्च महिन्याच्या २० किंवा २१ तारखेला दिवस आणि रात्र जवळजवळ सारख्या लांबीचे होतात आणि त्यानंतर उत्तर गोलार्धात दिवस मोठा होत जातो, हे शाळेच्या पुस्तकात असते. दिवस वाढण्याचा वेगही याच सुमारास सर्वाधिक असतो, ही गोष्ट मात्र शेतावर राहणाऱ्या घराला पुस्तकाशिवाय कळते. लंडनच्या अक्षांशावर या काळात रोज सुमारे चार मिनिटांचा उजेड वाढतो, म्हणजे आठवड्याला जवळपास अर्धा तास. मुंबईच्या अक्षांशावर हीच वाढ रोज मिनिटभराच्या आसपास असते. थंड प्रदेशात या वाढलेल्या उजेडाची किंमत संध्याकाळी कळते. हिवाळ्यात गुरांचे वैरण-पाणी होईतो अंधार पडलेला असतो आणि सगळी माणसे दाराआड गेलेली असतात. आता कामे उरकली तरी बाहेर स्वच्छ दिसत असते, आणि काही ठरवलेले नसताना घरातले एकेक जण अंगणात येऊन थांबते. मुले पळापळ करतात आणि म्हातारी माणसे पश्चिमेकडच्या भिंतीला टेकून बसतात, कारण दुपारभर उन्हात तापलेल्या त्या भिंतीने ऊब धरून ठेवलेली असते.

फुलांचा बहर पाहण्यासाठी दूरवर प्रवास करणारे लोक जगात सगळीकडे आहेत आणि त्यांच्या आनंदाला नाव ठेवण्याचे काही कारण नाही. पण त्यांच्या वाट्याला येतो तो फक्त बहर. त्याआधी कळ्यांची टोके फुगतात, फांद्यांवर दुरून पाहिल्यावर तांबूस किंवा पिवळसर झाक येते, कालपर्यंत कोरडी दिसणारी साल आज तुकतुकीत वाटते, आणि हे सगळे त्याच झाडाखालून रोज जाणाऱ्या माणसालाच दिसते. वसंताचे खरे सुख या आधीच्या दिवसांत आहे, आणि ते एका जागी राहणाऱ्या कुटुंबाला फुकट मिळते, असे आम्हाला वाटते.

वसंत अर्थातच सर्वत्र एकाच वेळी येत नाही. दक्षिण गोलार्धात तो सप्टेंबरमध्ये सुरू होतो. उष्ण प्रदेशांत त्याची खूण वेगळी असते. तिथे पळस, पांगारा आणि काटेसावर ही झाडे पाने गाळून उघडी होतात आणि मग फुलतात. पाने नसल्यामुळे ही फुले लांबूनही नजरेत भरतात, आणि मैना व बुलबुल त्यांच्यातल्या मधासाठी झाडावर गर्दी करतात. अशा झाडाखाली पहाटे उभे राहिले, तर पक्ष्यांच्या भांडणांनी खाली सांडणाऱ्या पाकळ्या थेट अंगावर पडतात.

आता खुराड्याकडे येऊ. कोंबडीच्या शरीरातले अंडी घालण्याचे चक्र बरेचसे उजेडावर चालते. दिवस लहान असताना अंडी कमी होतात आणि दिवस वाढू लागला की पुन्हा वाढतात. मग एखादी कोंबडी खुडूक होते. ती जागची हलत नाही, पिसे फुलवून बसते आणि जवळ येणाऱ्या हाताला चोच मारते. अशा कोंबडीला अंडी उबवायला, म्हणजे रवणाला, बसवतात, आणि पुढचे २१ दिवस घरातल्या मुलांचे सगळे लक्ष त्या कोपऱ्यात अडकून राहते. कोंबडी दिवसातून अनेकदा चोचीने अंडी फिरवते, कारण अंडे एकाच कुशीवर पडून राहिले तर आतला गर्भ पापुद्र्याला चिकटण्याची भीती असते. दिवसातून थोडा वेळ ती दाणा-पाण्यासाठी उठते, आणि तेवढ्यात आजी अंडी तपासून घेते. सातव्या दिवसाच्या सुमारास काळोख्या खोलीत विजेरीच्या तोंडावर अंडे धरले, की कवच तांबूस उजळते आणि त्यात एक काळसर ठिपका व त्यापासून चहूकडे पसरलेल्या केसासारख्या बारीक लाल शिरा दिसतात. हात स्थिर असेल आणि थोडा धीर असेल, तर तो ठिपका हलतानाही दिसतो. ज्या अंड्यात काहीच दिसत नाही ते बाजूला काढायचे असते, आणि हा निर्णय देण्याचा मान मिळावा म्हणून भावंडांत चुरस लागते.

शेवटच्या दिवसांत अंड्यातून आवाज येऊ लागतो. अंड्याच्या रुंद टोकाशी हवेची एक पोकळी असते. पिल्लू प्रथम तिच्यात चोच घालते, फुप्फुसाने पहिला श्वास घेते आणि कवच फुटण्याआधीच चिवचिवते. कोंबडीही त्याला दबक्या, घोगऱ्या आवाजात उत्तर देते. चोचीवर या कामापुरताच उगवलेला एक टणक कण असतो, जो पुढे काही दिवसांत गळून पडतो. त्याने पिल्लू कवचाला भोक पाडते आणि मग बराच वेळ काहीच घडत नाही. पहिला तडा जाण्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत अर्धा दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ जाऊ शकतो. या मधल्या वेळात कवच सोलून मदत करण्याचा मोह मुलांना होतोच, आणि मोठी माणसे त्यांना अडवतात ते योग्यच आहे, कारण आतल्या पापुद्र्याच्या शिरांतले रक्त तेव्हा पिल्लाच्या शरीरात ओढले जात असते आणि उरलेला पिवळा बलक त्याच्या पोटात शिरत असतो. या बलकाच्या शिदोरीवर पिल्लू पहिले दोन-तीन दिवस काही न खाताही तग धरते. कोरडे होऊन त्याची पिसे फुगण्याआधी ते ओलेचिंब, वाकडेतिकडे आणि खरे सांगायचे तर बरेच कुरूप दिसते. चित्रातले पिवळे, गुबगुबीत पिल्लू काही तासांनी अवतरते.

कोकरांना इतकी वाट पाहायला लावायची सवय नसते. मेंढी पिल्लाला चाटून कोरडे करते, त्याचा वास ओळखून ठेवते, आणि कोकरू साधारण तासाभरात लटपटत उभे राहून चिकासाठी आचळ शोधू लागते. पुढे काही आठवड्यांनी ही कोकरे संध्याकाळच्या वेळी टोळी करून कुंपणाच्या कडेने शर्यती लावतात, सगळी एकदम थांबतात आणि पुन्हा उलट दिशेने सुटतात. याचे कारण विचारणारे लहान मूल प्रत्येक घरात असते, पण प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत तेही त्यांच्यामागे पळत सुटलेले असते.

युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेतल्या अनेक शेतघरांत वसंताची सर्वांत आतुरतेने वाट पाहिली जाते ती माळभिंगरीसाठी. हा दुभंगलेल्या शेपटीचा लहान पक्षी गोठ्याच्या वाशाला घरटे करतो. नर आणि मादी दोघेही डबक्याकाठचा ओला चिखल चोचीतून आणतात. हजाराच्या घरात चिखलाच्या गोळ्या आणि मधेमधे गवताच्या काड्या असे ते बांधकाम असते. गेल्या वर्षीचे घरटे टिकले असेल तर त्याचीच डागडुजी होते. पाखरांना ये-जा करता यावी म्हणून गोठ्याच्या दाराची वरची झडप उघडी ठेवायची, हे काम बहुधा घरातल्या एखाद्या मुलाकडे सोपवलेले असते. हे पक्षी हिवाळ्यात तळ्यातल्या चिखलात दडून बसतात, असे अठराव्या शतकापर्यंत युरोपातले अनेक जाणते लोकही मानत होते. १९११ साली इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात एका घराच्या पडवीत घरटे केलेल्या माळभिंगरीच्या पायात खुणेची कडी अडकवली गेली, आणि १९१२ च्या डिसेंबरात ती कडी घातलेला पक्षी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात सापडला. सापडला तोही एका शेतघरात. म्हणजे दोन गोलार्धांतल्या दोन कुटुंबांनी, एकमेकांची काहीच माहिती नसताना, एकाच पक्ष्याला घरात घेतले होते.

अशा आगमनांची तारीख लिहून ठेवणे हा या ऋतूतला सर्वांत स्वस्त छंद आहे, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या कसा चालू शकतो याचे उदाहरणही इंग्लंडमध्येच आहे. नॉर्फक परगण्यातल्या स्ट्रॅटन स्ट्रॉलेस या गावी रॉबर्ट मार्शम नावाचा जमीनदार राहत होता. झाडांवर त्याचा जीव होता. १७३६ साली त्याने वसंताच्या खुणांची नोंद सुरू केली: हिमपुष्प (स्नोड्रॉप हे पांढरे फूल) कधी उमलले, ओक आणि बर्चला पाने कधी फुटली, बेडूक कधी बोलू लागले, माळभिंगरी पहिल्यांदा कधी दिसली, कोकीळ कुळातला युरोपीय पक्षी पहिल्यांदा कधी ऐकू आला. एकंदर २७ खुणांची ही यादी १७८९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने आपल्या नियतकालिकात छापली. मार्शम १७९७ मध्ये वारला, पण त्याच्या वंशजांनी वही बंद केली नाही. मधली काही वर्षे वगळली, तर त्या कुटुंबाने १९५८ पर्यंत नोंदी ठेवल्या. सव्वादोनशे वर्षांच्या या काळात घरातले कोणी ना कोणी दर वसंतात बाहेर पडून त्याच आवारातली झाडे पाहत राहिले. १९९५ मध्ये शास्त्रज्ञांनी या नोंदी तापमानाच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या, तेव्हा हिवाळ्याच्या शेवटचे आणि वसंताच्या सुरुवातीचे महिने उबदार असले, की ओकसारख्या झाडांना पाने लवकर फुटतात, हे त्यांतून स्पष्ट दिसले. विज्ञानाला उपयोग झाला हे चांगलेच, परंतु लिहिणाऱ्यांच्या मनात तो हेतू नव्हता. सकाळी फिरून आल्यावर जेवणाच्या टेबलाशी काही सांगण्यासारखे हाताशी असावे, एवढे कारणही अशा वहीला पुरेसे आहे.

मुलांना स्वतःची अशी एक बातमी हवी असेल, तर त्यांच्या हाती बी द्यावे. घेवडा आणि वाटाणा शेजारी शेजारी पेरला, की एक मजा दिसते. घेवड्याचे देठ आकड्यासारखे वाकून मातीतून वर येते आणि मग सरळ होताना बियांच्या दोन्ही डाळिंब्या स्वतःबरोबर उचलून हवेत आणते. वाटाणा आपल्या डाळिंब्या मातीतच ठेवतो आणि फक्त कोंब वर पाठवतो. मूल रोज सकाळी माती उकरून पाहत असेल, तर रोप एखादे वेळी मरते, पण मुलाच्या ज्ञानात भर पडते. आजोबांनी चार बिया जास्त पेरलेल्या असतात त्या याचसाठी. पेरणीची घाई मात्र थंड प्रदेशात अंगाशी येते. पाच अंश सेल्सिअसच्या मातीतही वाटाणा सावकाश का होईना रुजतो, पण घेवड्याचे बी तेवढ्या गार आणि ओल्या मातीत कुजते. जुनी शेतकरी माणसे मूठभर माती हातात घेऊन, तिचा गारवा आणि चिकटपणा पाहून हे ठरवतात, आणि ती मूठ मुलाच्या हातात देऊन त्यालाही विचारतात.

डबक्यातल्या बेडूकमाशांविषयी थोडक्यात सांगायचे, तर त्यांना आधी मागचे पाय फुटतात आणि मग पुढचे. शेपूट गळून पडत नाही, शरीरातच जिरते. बरणीत आणलेच तर ते त्याच डबक्याच्या पाण्यात ठेवावेत आणि पाहून झाले की तिथेच सोडावेत.

वसंतातली एक गोष्ट कॅमेऱ्याला टिपता येत नाही, ती म्हणजे कोरड्या मातीवर पडलेल्या पहिल्या सरीचा वास. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये दाखवले, की कोरड्या दिवसांत दगड-मातीवर साठत गेलेली तेले ओलाव्याने मोकळी होऊन हवेत मिसळतात. मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचे एक द्रव्य तयार करतात, आणि त्या द्रव्याचा वास माणसाच्या नाकाला अतिशय अल्प प्रमाणातही येतो. थेंब जमिनीवर आदळताना त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात व वर येऊन फुटतात, आणि त्यांच्याबरोबर हा वास उडतो. यामुळेच मुसळधार पावसापेक्षा हलक्या सरीने तो अधिक दरवळतो. सर पडू लागली की वाळत घातलेले कपडे आत आणण्यासाठी घरातले सगळे बाहेर धावतात, आणि कपडे गोळा झाल्यावरही काही जण उंबऱ्याशी रेंगाळतात.

हे वाचून कोणाला अशा नोंदींची वही सुरू करावीशी वाटली, तर फार मोठी यादी करू नये. रोजच्या वाटेवरचे एक झाड, एक पक्षी आणि एक फूल एवढे पुरते. पहिल्या वर्षीच्या तारखा काही सांगत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मात्र घरात वाद सुरू होतात. कळी उकलून हिरवे टोक दिसले म्हणजे पान फुटले असे धाकटी म्हणते, पान पूर्ण उलगडल्याशिवाय ते धरायचे नाही असे तिचे वडील म्हणतात, आणि आजी सांगते की तिने ते दोघांच्याही आधी पाहिले होते, फक्त कोणी विचारले नाही. यावर उपाय सोपा आहे. काय दिसले म्हणजे ‘फुटले’ म्हणायचे, हे वहीच्या पहिल्या पानावर एकदा लिहून ठेवावे, दर वर्षी झाड तेच ठेवावे, आणि पाहणाऱ्याचे नाव तारखेशेजारी न विसरता लिहावे.