तीस हजारांतले एक अक्षर

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर २०१९ मध्ये चीनमधील वुहान शहरात न्यूमोनियाचे काही रुग्ण आढळले, त्यांचे कारण सुरुवातीला उमगेना. आणि जानेवारी उजाडतो न उजाडतो तोच त्यामागच्या नव्या कोरोना विषाणूची जनुकीय संहिता शास्त्रज्ञांनी साऱ्या जगासाठी खुली केली. ही संहिता सुमारे तीस हजार अक्षरांची, म्हणजे ओळीने जोडलेल्या रासायनिक घटकांची आहे, आणि विषाणूचा पुढचा सगळा प्रवास त्या अक्षरांत झालेल्या चुकांवरून वाचता येतो.

विषाणू आपल्या पेशीत शिरून स्वतःच्या नकला काढतो, तेव्हा एखादे अक्षर चुकते. कोरोना विषाणूंजवळ अशा चुका दुरुस्त करणारे एक विकर असते, म्हणून ते फ्लूच्या विषाणूपेक्षा सावकाश बदलतात. बहुतेक चुकांनी काहीच साधत नाही. पण २०२० च्या सुरुवातीला २३,४०३ व्या जागी ‘ए’ हे अक्षर जाऊन ‘जी’ आले, त्यामुळे विषाणूच्या काट्यातील, म्हणजे ज्याने तो आपल्या पेशीला चिकटतो त्या पृष्ठभागावरच्या प्रथिनातील, ६१४ वे अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा) बदलले, आणि काही महिन्यांतच हा बदललेला विषाणू जगभर वरचढ ठरला. एवढ्याशा फरकाचा एवढा पल्ला पाहून मी आजही थक्क होतो.

अर्थात, चूक टिकायची तर विषाणूला नवे शरीर मिळावे लागते. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. जमलेल्या ६१ जणांपैकी एकाला सर्दीसारखी लक्षणे होती. पुढे निश्चित आणि संभाव्य मिळून ५३ जण बाधित ठरले आणि दोघे दगावले. बंद जागेत, मोठ्याने गाताना, श्वासाबरोबर विषाणू किती सहज पसरतो हे त्या एका संध्याकाळने दाखवले. शिवाय हा विषाणू लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीही दुसऱ्याकडे जाऊ शकतो. २००३ च्या सार्समध्ये, म्हणजे दुसऱ्या एका कोरोना विषाणूच्या साथीत, तसे सहसा घडत नसे, म्हणून ती साथ विलगीकरणाने आटोक्यात आणता आली.

भारतात प्रथम आढळलेल्या डेल्टा या विषाणूच्या बदललेल्या प्रकाराने २०२१ मध्ये हाहाकार माजवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉन या आणखी एका प्रकाराची वर्दी दिली. तो डेल्टाचा वंशज नव्हता, आणि त्याच्या काट्यात तीसहून अधिक बदल होते. इतके बदल कुठे साचले असावेत? मला सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे की, प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या एखाद्या रुग्णाच्या शरीरात विषाणू कित्येक महिने मुक्कामाला राहिला असावा. अशा रुग्णांकडून वेळोवेळी घेतलेल्या नमुन्यांत असे बदल एकामागून एक साठत गेल्याचे प्रत्यक्ष नोंदले गेले आहे, म्हणूनच त्यांना वेळेवर औषधोपचार मिळण्याची मला विशेष काळजी वाटते.