घरात दुसरा पगार सुरू होतो तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. मुलं जरा मोठी झाली, आईनं पुन्हा नोकरी धरली, घरात दुसरा पगार येऊ लागला. या पैशाचं काय करायचं, ते पहिला पगार खात्यात पडण्याआधीच दोघांनी बसून ठरवावं. एकदा वाढलेला खर्च सहसा कमी होत नाही.

आधी हिशेब मांडू. समजा पगार ३०,००० रुपये, त्यात मूळ वेतन १५,०००. पीएफचे १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातील. महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. त्यापुढे महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हातात आले २८,०००. आता नोकरीमुळे वाढलेला खर्च पाहा: पाळणाघर ५,०००, पोळीभाजीच्या मावशी ३,०००, जाणंयेणं २,०००, कपडे आणि ऑफिसातल्या वर्गण्या १,०००. उरले १७,०००. बेत आखायचे ते या सतरा हजारांवर.

मात्र ही वजाबाकी सगळ्या घराची आहे. पाळणाघराचे पैसे फक्त आईच्या पगारातून वजा करून ‘मग नोकरी परवडतच नाही’ म्हणणं बरोबर नाही. मूल दोघांचं आहे, आणि पाळणाघर काही वर्षांत सुटतं.

नोकरी पक्की होईपर्यंत नवा हप्ता घेऊ नका. बँक दोघांचे पगार जोडून मोठं कर्ज द्यायला तयार असते. पण हप्त्याला दोन्ही पगार लागू लागले, की एकाची नोकरी गेली तरी घर अडचणीत येतं. तोवर घर आधीपासून येणाऱ्या पगारावरच चालू द्या.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर सगळ्यात आधी ती संपवा. तिथं व्याज वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांपर्यंत जातं आणि ‘किमान रक्कम’ भरत राहिलं तर मुद्दल जवळजवळ हलतच नाही. मग सहा महिन्यांच्या घरखर्चाची गंगाजळी. खर्च ४०,००० असेल तर २ लाख ४० हजार. महिना १७,००० टाकले तर साधारण चौदा महिने. हे पैसे आवर्ती ठेवीत किंवा मुदत ठेवीत असावेत, शेअरमध्ये नव्हे.

त्यानंतर गृहकर्ज. ३० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता सुमारे २६,०३५. सुरुवातीपासून दरमहा ५,००० जादा भरले तर कर्ज तेरा वर्षं आठ महिन्यांत फिटतं आणि व्याजाचे साडेअकरा लाखांहून जास्त वाचतात. घरासाठी व्यक्तीनं घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. मात्र बँकेला लेखी सांगा: हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. नाहीतर हप्ता कमी करून मुदत तशीच राहू शकते, आणि वाचणारं व्याज बरंच घटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बऱ्याच घरांत नवऱ्याच्या पगारातून फ्लॅटचा हप्ता जातो आणि बायकोच्या पगारातून किराणा, भाजी, शाळेची फी. दहा वर्षांनी फ्लॅट एकाच्या नावावर असतो आणि दुसरीच्या पगाराची कुठं नोंदही नसते. हे बदला. घरखर्च नवऱ्याच्या पगारातून करा आणि तिचे पैसे तिच्याच नावानं गुंतवा. करातही ते सोयीचं. नवऱ्यानं दिलेल्या पैशांची ठेव बायकोच्या नावावर केली, तरी व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात. तिच्या स्वतःच्या कमाईवरचं व्याज तिचंच राहतं.

पीपीएफ, म्हणजे सरकारच्या दीर्घ मुदतीच्या बचत योजनेचं खातं, उघडायचं तर वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे. पैसे महिन्याच्या ५ तारखेपर्यंत भरा, कारण व्याज ५ तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळतं. लग्नाआधी नोकरी केली असेल तर नव्या ठिकाणी जुनाच यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, द्या आणि आधीचा पीएफ त्यात वर्ग करून घ्या. मोडून खर्च करू नका. तिथं वारस म्हणून अजून आईवडिलांची नावं असतील, तर तीही याच वेळी बदलून घ्या.