रोटरी इंजिनाचं तेल आणि गुऱ्हाळाचं धुराडं

(कॅमेरा उसाच्या बांधावरून पत्र्याच्या शेडकडं)

निपाणीच्या अलीकडं हायवे सोडून आत वळलं की नुसता ऊस, आणि मधेच हे शेड. आत ट्रॉलीच्या जुन्या चासीवर एक इंजिन बोल्ट मारून बसवलंय, पुढं लाकडी पंखा. हे सगळं स्वतः बनवायच्या विमानासाठी, पण विमान अजून नाही, त्याचा सांगाडा पण नाही. आमच्या दादाचं म्हणणं, आधी हे इंजिन न तापता अर्धा तास चालवून दाखवू, मग बाकीचं बघू, उडवायचं म्हटलं की डीजीसीएची, म्हणजे सरकारी विमान खात्याची परवानगी, ते वेगळंच महाभारत. आणि घरातल्यांचं म्हणणं काय आहे ते या व्हिडिओत सांगण्यासारखं नाही.

इंजिन माझदाचं १३बी, आरएक्स-८ गाडीतलं. दोन रोटर, म्हणजे आत फिरणारे तिकोनी ठोकळे, एकेक ६५४ सीसी, मिळून १३०८. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, याला रोटरी किंवा वांकेल इंजिन म्हणतात. फेलिक्स वांकेलचं डिझाइन, जर्मनीत एनएसयू कंपनीत १९५७ ला पहिलं इंजिन फिरलं, पुढं माझदानं ते धरून ठेवलं. आपल्याकडं पण हे नवीन नाही बरं का, निशांत नावाचं बिनपायलटचं विमान होतं, त्याच्यासाठी बेंगळुरूच्या एनएएल या विमान प्रयोगशाळेनं आणि नगरच्या व्हीआरडीई या लष्करी वाहनांच्या संशोधन संस्थेनं मिळून वांकेल इंजिन बनवलं आणि २००९ ला ते कोलारला उडालं.

आता एक घोळ आधीच मिटवतो. पहिल्या महायुद्धातल्या बऱ्याच विमानांच्या इंजिनाला पण रोटरीच म्हणायचे, पण त्यात शाफ्ट विमानाला जाम आणि अख्खे सिलेंडर पंख्याबरोबर गरगर फिरायचे. त्यात एरंडेल घालायचे, हो, तेच एरंडेल, आणि ते परत टाकीत यायचंच नाही, थेट बाहेर, पायलटच्या तोंडावर. त्यामुळं तेल थंड कसं करायचं ही डोकेदुखीच नव्हती त्यांना.

आमच्या इंजिनाला आहे. कारण यात तेल फक्त वंगण नाही. बाहेरच्या हाउसिंगमधून पाणी फिरतं, पण रोटर आत फिरतोय, तिथं पाणी कसं नेणार? म्हणून मधल्या शाफ्टला बारीक जेट असतात, त्यातून तेल रोटरच्या पोकळीत फवारलं जातं आणि तापून खाली संपमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्यात पडतं. पाणी आणि तेल मिळून जेवढी उष्णता बाहेर काढतात त्यातली साधारण एक तृतीयांश एकट्या तेलाच्या वाट्याला. साध्या गाडीसारखा तळहाताएवढा कूलर लावून भागत नाही ते यासाठी.

(क्लोज-अप: टेबलावर मांडलेले कूलर)

हा पहिला, माझदाच्याच जुन्या आरएक्स-७ गाडीचा ओरिजिनल. अॅल्युमिनियमचा, आतच थर्मोस्टॅट, दणकट काम. पण रुंद एवढा की विमानाच्या नाकात कोंबायला जीव जातो. याच्या शेजारी रेसिंगवाल्यांचा, पट्ट्यांवर पट्ट्या रचलेला, जागेप्रमाणं साइज मिळते, खिसा तेवढा रिकामा होतो. हा तिसरा म्हणजे गाडीच्या एसीचा इव्हॅपोरेटर. अमेरिकेतल्या हौशी लोकांनी हे भंगारातून आणून पाण्यासाठी रेडिएटर म्हणून लावले आणि चालले पण. तेलासाठी मात्र मला भीती वाटते. भोकं बारीक. थंडीच्या दिवसात काकवी ओतून बघा, भांडं उलटं केलं तरी हलत नाही, तसं थंड तेल या भोकांतून जायला मागत नाही, म्हणून बायपास, म्हणजे कूलर टाळून जायची दुसरी वाट पाहिजेच.

चौथा प्रकार, तेलाची उष्णता पाण्याला देऊन टाकायची, डब्यात एका बाजूनं तेल, दुसऱ्या बाजूनं पाणी. वाऱ्याची वेगळी वाट लागत नाही, सकाळी तेल पटकन गरम होतं, मस्त. पण तेल पाण्याच्या खाली कधीच उतरणार नाही, आणि तेलाचा सगळा बोजा पाण्याच्या रेडिएटरवर, म्हणजे तो जवळजवळ दीडपट लागला. आमच्या दादानं हा पर्याय दोन मिनिटांत उडवला, मला वाटतं जरा घाईच केली.

तर आरएक्स-७ चा कूलर लावला, पुढं पत्र्याचं नरसाळं. इंजिन चालू केलं, चार हजार आरपीएम, पाण्याचा काटा ८५ डिग्रीला शांत बसलाय आणि तेलाचा चढतोय, ९०, १००, ११०. बाराव्या मिनिटाला ११८ झाल्यावर बंद केलं. शंभरच्या आत ठेवायचं तेल! एकच काटा बघत बसलो असतो तर रोटरचे सील गेलेच असते.

मोठा कूलर आणायचा म्हणून दादा फोन लावायलाच निघाला होता. तेवढ्यात शेजारच्या गुऱ्हाळावरचे गुळव्या मामा आले, चहाला येतात रोज. वाकून बघितलं नि म्हणाले, "वारं आत घेतलास, बरं केलास. पर भाईर कुटनं जाणार ते? धुराडं कुटं हाय तुझं?"

(दृश्य: गुऱ्हाळ, चुलवाणात चिपाडं, उंच धुराडं)

मामांच्या चुलवाणात चिपाड कितीही कोंबा, धुराडं चोंदलं की जाळ मागं येतो आणि काहील थंड. आमचं तेच झालेलं, कूलरच्या मागं चार बोटांवर पत्रा, वारा अडून बसलेला.

मग कूलरवर लोकरीचे तुकडे चिकटवले, आईच्या विणकामातले, आणि समोर भात वारवायचा मोठा पंखा लावला. मधले धागे सरळ मागं, चारी कोपऱ्यातले उलटे आमच्याकडं तोंड करून नाचतायत! म्हणजे नरसाळं एकदम फाकलं होतं, वारा कडेला चिकटूनच राहत नव्हता. पुन्हा बनवलं, लांब, हळूहळू रुंद होत जाणारं, फटींना रबर, आणि मागं उघडझाप होणारी झडप.

ही झडप का, तर विमान जमिनीवरून चढतं तेव्हा ताकद पूर्ण आणि वेग कमी. वेग निम्मा तर वाऱ्याचा दाब चौथा हिस्सा, म्हणजे ज्या वेळी सगळ्यात जास्त गरज त्या वेळी वारा सगळ्यात कमी. त्यात आपलं बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर, हवा आधीच पातळ. चढताना झडप सताड उघडी, वर सरळ उडायला लागलं की जवळजवळ बंद.

दुसऱ्या वेळी तोच कूलर, तेच चार हजार, वीस मिनिटं, तेल ९४ ला थांबलं. दादानं झडप दोरीनं बोटभर ओढून बंद केली, काटा लगेच हलला, ९७. परत उघडली. मामा तोवर चहा संपवून उठलेले, जाता जाता म्हणाले, "ती दोरी माझ्या धुराड्याला पण बांधून दे की रे."